स्मरणिकेतली ती जाहिरात काढा आणि आयआरएसच्या पत्रांसाठी एक संध्याकाळ द्या : आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

अध्यक्ष ताई, खजिनदार दादा आणि समितीतल्या सगळ्या मंडळींना नमस्कार,

हे खुलं पत्र लिहितेय कारण आधी ईमेल केला होता, त्याला "पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ" असं उत्तर आलं आणि ती मीटिंग ढोल-ताशाच्या परमिटवर आणि पार्किंगवर संपली. राग नाहीये, व्हॉलंटियर काम किती अंगावर येतं ते माहितीये, पण हा विषय पुढच्या गणपतीपर्यंत थांबणारा नाही.

स्मरणिकेत शेवटून दुसऱ्या पानावर एका टॅक्स रिलीफ कंपनीची अख्ख्या पानाची रंगीत जाहिरात आहे, आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या टॅक्स खात्याचं, देणं अगदी चिल्लर भरून मिटवून देतो, पगारावरची जप्ती थांबवतो, फोन करा. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला माहितीये. ती जाहिरात पुढच्या अंकात घेऊ नका आणि त्याऐवजी याच विषयावर जानेवारीत एक संध्याकाळ द्या, एवढंच मागणं आहे. मी इथे कॅलिफोर्नियातच एका छोट्या टॅक्स ऑफिसात काम करते, एनरोल्ड एजंट आहे, म्हणजे लोकांच्या वतीने आयआरएसशी बोलायचं लायसन्स आहे, आणि त्या जाहिरातीतल्यासारख्या कंपन्यांकडून होरपळून आलेली आपलीच माणसं माझ्यासमोर येऊन बसतात म्हणून हे लिहावंसं वाटलं.

आधी एक शंका फेडते, जी मला मंडळातल्याच एका काकांनी बोलून दाखवली, की आपल्यात कोण टॅक्स बुडवतं, सगळे नोकरदार, सगळ्यांचा कापूनच जातो. काका, बुडवत कोणीच नाही, पण कापून पुरेसा जात नाही ना! आरएसयू घ्या, म्हणजे पगाराचा भाग म्हणून कंपनी देते ते शेअर. शेअर व्हेस्ट झाले, म्हणजे ठरलेल्या तारखेला तुमच्या नावावर आले, की कंपनी फेडरल टॅक्स म्हणून सरसकट २२ टक्के कापते, दहा लाख डॉलरपर्यंत तोच दर. आता नवरा-बायको दोघंही टेकमध्ये आणि दोघांचं मिळून उत्पन्न ३२ किंवा ३५ टक्क्यांच्या ब्रॅकेटमध्ये गेलं, तर प्रत्येक लाखाच्या व्हेस्टवर दहा ते तेरा हजार कमी कापले गेले, आणि ते एप्रिलमध्ये एकदम समोर येतात. त्यात शेअर विकले नाहीत, ठेवले, आणि २०२२ सारखं वर्ष आलं की टॅक्स लागतो व्हेस्टच्या दिवशीच्या भावावर आणि हातात उरतो त्याच्या निम्मा भाव. मग त्याच हिवाळ्यात लेऑफ. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधायची असते, त्याला आयआरएसचं पाकीट उघडायला सुचेल का? अजून एक प्रकार आहे, एनआरई एफडीचं, म्हणजे परदेशातल्या भारतीयांसाठीच्या भारतातल्या बँक ठेवीचं, व्याज भारतात टॅक्स-फ्री म्हणून इथे दाखवायचंच नाही असं वर्षानुवर्षं चालतं, मग कुणीतरी सांगतं की अरे इथे लागतो, मग अमेंडेड म्हणजे दुरुस्त केलेली रिटर्नं, मग बिल. हे सगळे लोक आपल्या आरतीला पहिल्या रांगेत असतात. लाजेपोटी बोलत नाहीत एवढंच.

आणि या न बोलण्यातच सगळं बिघडतं. आयआरएस एका दिवसात उठून पगार जप्त करत नाही. पहिलं बिल येतं सीपी १४, त्यात देणं एक लाख डॉलरच्या आत असेल तर भरायला २१ दिवस. नाही भरलं तर आठवणीची पत्रं, सीपी ५०१, सीपी ५०३, मग सीपी ५०४, ज्यात लेव्ही, म्हणजे जप्ती, हा शब्द ठळक छापलेला असतो आणि तो बघून लोकांची पहिल्यांदा झोप उडते, पण खरं तर त्या पत्रावर तुमचा स्टेटचा रिफंड अडकवता येतो, पगाराला हात लावायला अजून एक पत्र लागतं. ते म्हणजे एलटी ११ किंवा लेटर १०५८, फायनल नोटीस. त्यात सुनावणीचा हक्क दिलेला असतो, फॉर्म १२१५३ भरून ३० दिवसांत मागायचा, आणि तो वेळेत मागितला की सुनावणी संपेपर्यंत साधारणपणे लेव्ही थांबते, वर त्या सुनावणीतच हप्त्याचा प्रस्ताव मांडता येतो आणि निकाल पटला नाही तर टॅक्स कोर्टात जायचा रस्ता उघडा राहतो. ३० दिवस गेले की वर्षभराच्या आत वेगळ्या प्रकारची सुनावणी मिळते खरी, पण ती लेव्ही थांबवत नाही आणि कोर्टाचा रस्ताही बंद. इतका फरक एका तारखेने पडतो, आणि ही तारीख पत्र तुमच्या हातात कधी पडलं त्यावरून नाही, पत्रावर छापलेली असते त्यावरून मोजायची.

बरं, फायनल नोटीस बहुतेक वेळा सर्टिफाइड मेलने येते. आपल्या अपार्टमेंटमध्ये पोस्टमन चिठ्ठी चिकटवून जातो, आपण म्हणतो काय असेल, क्रेडिट कार्डवाल्यांचं असेल, आणि पोस्टात जात नाही. न घेतल्याने काही वाचत नाही. कायद्याप्रमाणे आयआरएसने तुमच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवलं की ते पोचलंच असं धरतात. आणि आपण काय करतो, दर दोन वर्षांनी घर बदलतो, ॲमेझॉनला पत्ता कळवतो, मंडळाच्या मेंबरशिपमध्ये कळवतो, आयआरएसला फॉर्म ८८२२ पाठवायचा असतो हे कुणाच्या गावीही नसतं. फ्रीमाँटचं पत्र सनीव्हेलच्या जुन्या घरी जातं आणि तिथले नवीन भाडेकरू ते फेकून देतात, संपलं.

अजून एका गोष्टीने लोकांचा घात केलाय. फेब्रुवारी २०२२ मध्ये कामाचा ढीग साचला म्हणून आयआरएसने बरीच आठवणीची ऑटोमॅटिक पत्रं थांबवली, ती २०२४ मध्ये परत सुरू केली. मधल्या काळात ज्यांचं देणं होतं त्यांना वाटलं की विसरले वाटतं, लहान रक्कम म्हणून सोडून दिली असेल. व्याज कुठे थांबलं होतं? २०२५ मध्ये वर्षभर ७ टक्के दर होता, रोज चक्रवाढ, शिवाय उशिरा भरण्याचा दंड महिन्याला अर्धा टक्का, आणि लेव्ही लावण्याच्या इराद्याची नोटीस निघून दहा दिवस झाले की तोच दंड महिन्याला एक टक्का.

आणि फोनबद्दल बोलावंच लागेल, कारण ती लाज आपल्या घरची आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी टाकल्या होत्या, आठवतंय ना, आयआरएसचे अधिकारी बोलतोय असं सांगून अमेरिकेतल्या लोकांना घाबरवायचे आणि गिफ्ट कार्डांवर पैसे उकळायचे. तेव्हापासून आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉरवर्ड फिरतात की आयआरएसच्या नावाने काहीही आलं तर फ्रॉड समजा, डिलीट करा. फोनच्या बाबतीत ते बरोबर आहे, आयआरएस आधी कागदी पत्र पाठवते, गिफ्ट कार्ड तर कधीच मागत नाही. पण लोक पत्रालाही फ्रॉड म्हणायला लागले! खात्री करायची सोपी सोय आहे, आयआरएसच्या वेबसाइटवर स्वतःचं अकाउंट उघडा, कोणत्या वर्षाचं किती देणं आहे ते तिथे दिसतं आणि बऱ्याचशा नोटिसाही तिथेच सापडतात. हे अकाउंट उघडायला त्या जाहिरातीतली कंपनी पैसे घेते, "इन्व्हेस्टिगेशन फी" म्हणून.

आता लेव्ही लागली की नेमकं काय होतं ते सांगते, कारण अर्ध्या लोकांना वाटतं की पगारातले दहा-पंधरा टक्के कापतील. क्रेडिट कार्डवाल्याला कोर्टात जावं लागतं आणि फेडरल कायद्याने जास्तीत जास्त पाव पगाराची मर्यादा असते. आयआरएसला कोर्टाची ऑर्डर लागत नाही आणि ती पावची मर्यादाही नाही. तुमच्या पेरोलला फॉर्म ६६८-डब्ल्यू जातो, एचआरवाली बाई तुम्हाला बोलावून एक कागद देते, फाइलिंग स्टेटस आणि डिपेंडंट किती ते तीन दिवसांत भरून द्या. आयआरएस इथे हिशोब उलटा करते, तुमच्यासाठी किती सोडायचं ते तक्त्यावरून ठरतं आणि वरचं सगळं त्यांचं. तो कागद दिला नाही तर तुम्हाला लग्न झालेला, वेगळं रिटर्न भरणारा आणि डिपेंडंट शून्य असं धरतात, २०२५ च्या तक्त्याने तुमच्यासाठी सुटायचे वर्षाला १५,००० डॉलर, म्हणजे दोन आठवड्यांच्या चेकमागे सहाशे डॉलरच्याही आत. इथे बे एरियात डेकेअरचं आठवड्याचं बिल त्याहून जास्त असतं हो. आणि हे एकदा कापून थांबत नाही, लेव्ही उठेपर्यंत प्रत्येक चेकमधून चालूच. बँक अकाउंटवर लागली तर निदान बँक २१ दिवस पैसे धरून ठेवते, धावपळ करायला वेळ मिळतो, पगाराचं तसं नाही.

हे सगळं टाळायला काय काय करता येतं ते आता लिहिते, थोडं लांबेल, पण जाहिरातीत जे लिहिलेलं नाही ते हेच आहे.

सगळ्यात आधी, रिटर्न भरा. पैसे नाहीत म्हणून रिटर्नच भरलं नाही ही सर्वात महाग चूक, कारण न भरण्याचा दंड महिन्याला ५ टक्के आणि भरून पैसे न देण्याचा अर्धा टक्का, दहा पटीचा फरक. शिवाय मागची रिटर्नं बाकी असतील तर आयआरएस सोयीबद्दल सहसा बोलत नाही, हप्ते नाहीत, तडजोड नाही.

मग प्रश्न येतो पैसे कुठून आणायचे. थोडक्या महिन्यांत जमणार असतील, बोनस येणार आहे किंवा एनआरई एफडी मोडून आणायची आहे, तर एकूण देणं एक लाख डॉलरच्या आत असेल तर १८० दिवसांची मुदत ऑनलाइन मिळते आणि तिची सेटअप फी शून्य आहे. व्याज-दंड चालू राहतो, पण शांतपणे झोप लागते. क्रेडिट कार्डवर भरू नका, तिथे वर प्रोसेसिंग फी आणि पुढे वीस-बावीस टक्के. आणि कृपा करून चारशे-एक-के, म्हणजे निवृत्तीसाठीचं बचत खातं, तोडू नका, साडेएकोणसाठ वर्षांच्या आत तोडलं की १० टक्के दंड आणि त्यावर परत टॅक्स, म्हणजे या वर्षीचं देणं फेडून पुढच्या वर्षीचं देणं तयार. मी हे इतक्यांदा पाहिलंय की हल्ली क्लायंट तोंड उघडायच्या आधीच विचारते, तोडलं नाही ना?

लांबचा हप्ता हवा असेल तर इन्स्टॉलमेंट अॅग्रीमेंट. टॅक्स, दंड, व्याज सगळं धरून ५०,००० डॉलरच्या आत असेल तर वेबसाइटवर बसल्या बसल्या होतं, घरदार-खर्चाचा सगळा हिशोब द्यावा लागत नाही. बँकेतून आपोआप कापायची सोय केली तर ऑनलाइन फी २२ डॉलर, आपण स्वतः भरू म्हणालात तर ६९, फोनवरून किंवा कागदावर केलंत तर १०७ पासून १७८ पर्यंत. बावीस डॉलर! आणि त्या कंपन्या याच कामाचे हजारो घेतात आणि शेवटी हेच अॅग्रीमेंट हातात ठेवतात. समजा ३०,००० देणं आहे आणि सहा वर्षांचा हप्ता घेतला. रिटर्न वेळेवर भरलेलं असेल तर हप्ते चालू असताना उशिराचा दंड निम्मा होतो, महिन्याला पाव टक्का, म्हणजे व्याज धरून साधारण वर्षाला १० टक्क्यांचं कर्ज झालं, महिन्याचा हप्ता साडेपाचशेच्या आसपास. जड आहे, पण दोन आठवड्यांना सहाशेत घर चालवण्याशी तुलना करून बघा. आणि महत्त्वाचं म्हणजे हप्त्यांची विनंती विचाराधीन असताना, नामंजूर झाली तरी पुढचे ३० दिवस, आणि मंजूर होऊन नीट चालू असेपर्यंत आयआरएसला पगारावर लेव्ही लावता येत नाही. पगार वाचवायचा तो असा, विनंती आधी करून. लेव्ही लागल्यावरही हप्ते ठरले किंवा खरंच घर चालत नाही हे दाखवता आलं तर ती उठते, फक्त तोवर पेरोलमध्ये सगळ्यांना कळलेलं असतं आणि एक-दोन चेक गेलेले असतात.

हप्ता घेतला की नंतरच्या वर्षी नवीन देणं उभं राहता कामा नये, राहिलं तर अॅग्रीमेंट मोडतं. इथेच आपले आरएसयूवाले परत अडकतात. मागचं फेडतायत आणि यंदाचे व्हेस्ट परत २२ टक्क्यांनीच कापले जातायत, तळाला भोक पडलेल्या बादलीत पाणी भरत बसल्यासारखं. डब्ल्यू-४ मध्ये, म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणाऱ्या फॉर्ममध्ये, जास्तीची रक्कम कापायला सांगा, दोघं कमावते असाल तर स्टेप दोनमधली खूण करा, किंवा तिमाहीला एस्टिमेटेड टॅक्स, म्हणजे अंदाजाने आगाऊ टॅक्स, भरा, एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी, प्रत्येक वेळी पंधरा तारीख. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते केल्याशिवाय मी कुणाचाही हप्ता लावून देत नाही, भांडण झालं तरी चालेल.

दंडमाफीबद्दल तर इतक्या कमी लोकांना माहिती असते की वाईट वाटतं. मागची तीन वर्षं स्वच्छ असतील, म्हणजे रिटर्नं भरलेली आणि दंड नाही, तर पहिल्यांदा झालेल्या चुकीचा दंड माफ करा असं नुसत्या फोनवर मागता येतं, आणि दंड गेला की त्या दंडावरचं व्याजही जातं. मोठं आजारपण, घरातला मृत्यू, असं सबळ कारण असेल तर फॉर्म ८४३ वर कागदांसकट लिहून मागायचं. वडील आयसीयूत होते म्हणून चार महिने पुण्यात होतो, हे कारण आपण इथे कुणाला सांगत बसायचं म्हणून सांगत नाही, आणि हॉस्पिटलची फाइल कपाटात पडून असते. सांगा की. व्याज मात्र असं मागून सुटत नाही, ते टॅक्सबरोबर राहतंच.

लेऑफ झालेल्यांसाठी वेगळा रस्ता आहे. घरखर्च भागून काहीच उरत नसेल तर फॉर्म ४३३-एफ वर जमाखर्च दाखवून "सध्या वसुली शक्य नाही" असा शेरा खात्यावर मारून घेता येतो. देणं माफ होत नाही, व्याजही चालू राहतं, पुढचे रिफंड ते ठेवून घेतात आणि रक्कम मोठी असेल तर लीनची, म्हणजे मालमत्तेवर आयआरएसचा हक्क नोंदवल्याची, नोटीसही लागू शकते, पण पगार-बँक सोडतात. आणि वसुलीची दहा वर्षांची मुदत चालू राहते. ती दहा वर्षं ऐकून काही हुशार लोक म्हणतात की मग भारतातच परत जाऊ, दहा वर्षं काढू, संपलं. असं होत नाही हो. सहा महिने किंवा जास्त सलग अमेरिकेबाहेर राहिलात की ते घड्याळ थांबतं. सुनावणी मागितली, तडजोडीची ऑफर दिली, तरी तेवढ्या काळापुरतं थांबतंच.

आता ती ऑफर, ऑफर इन कॉम्प्रोमाइज, म्हणजे देण्यापेक्षा कमी रकमेत तडजोड, ज्याच्या जिवावर ती जाहिरात उभी आहे. खरी योजना आहे, खोटी नाही. फॉर्म ६५६, फी २०५ डॉलर, एकरकमी ऑफर असेल तर रकमेच्या २० टक्के अर्जासोबतच, कमी उत्पन्नवाल्यांना दोन्हीत सूट. पण आयआरएस बघते काय, तुमच्याकडून एकूण किती निघू शकेल. घरातली इक्विटी (किंमत वजा कर्ज), गाड्या, शेअर, रिटायरमेंटचे पैसे, आणि दर महिन्याचा जरुरीपुरता खर्च वजा जाता उरणारी रक्कम गुणिले १२ किंवा २४. आणि मालमत्ता म्हणजे जगातली सगळी मालमत्ता. बाणेरचा फ्लॅट, आईबरोबर जॉइंट असलेली एफडी, सासऱ्यांनी नावावर केलेला प्लॉट, सगळं त्या फॉर्मवर सहीनिशी लिहायचं. दोन नोकऱ्या आणि पुण्यात फ्लॅट असलेल्या घराची ऑफर पास होणं जवळजवळ अशक्य, हे फी घेणाऱ्याला पहिल्या फोनमध्ये कळतं, तरी तो अर्ज टाकतो. म्हणूनच आयआरएस स्वतःच्या "डर्टी डझन" यादीत अशा ऑफर विकणाऱ्या कंपन्यांबद्दल इशारा देत आलीय, आणि आपल्याला त्यात बसतं का हे तपासायचं साधन त्यांच्याच वेबसाइटवर फुकट आहे. आपण मात्र त्यांना मोदकाच्या रेसिपीशेजारी अख्खं पान दिलं.

इमिग्रेशनची भीती सगळ्यांना असते म्हणून तेही. सिटिझनशिपच्या एन-४०० मध्ये थकीत टॅक्स आहे का असा प्रश्न थेट विचारतात. देणं आहे म्हणजे संपलं असं नाही, आयआरएसबरोबर ठरलेल्या हप्त्यांचा कागद आणि ते नियमित भरताय याचा पुरावा न्यायचा असतो. लपवलं तर मात्र अवघड. जे आधीच सिटिझन आहेत त्यांच्यासाठी, २०२५ मध्ये ६४,००० डॉलरच्या वर देणं थकलं आणि लीन-लेव्हीपर्यंत गेलं की आयआरएस ते स्टेट डिपार्टमेंटला कळवते आणि पासपोर्ट अडकतो. हप्ते चालू असतील तर कळवत नाही. आईला भेटायला जायचं तिकीट हातात आणि पासपोर्ट रिन्यू होत नाही, असं होऊ शकतं.

आता बायकांसाठी, आणि हे मी मुद्दाम लिहितेय. जॉइंट रिटर्नवर दोघांची सही म्हणजे पूर्ण देण्याला दोघंही स्वतंत्रपणे जबाबदार. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असताना, एक डॉलर कमावत नसताना, "इथे सही कर" म्हटल्यावर केलेली सही. पुढे वेगळं झाल्यावर तिला नोकरी लागते आणि लेव्ही तिच्या पगारावर येऊ शकते, त्याच्या आरएसयूच्या टॅक्ससाठी! डिव्होर्सच्या कागदात "टॅक्स नवरा भरेल" असं लिहिलं असलं तरी आयआरएसला ते बांधील नाही. फॉर्म ८८५७, इनोसंट स्पाउस रिलीफ, यासाठीच आहे, आणि त्यातल्या काही सवलतींना वसुली सुरू झाल्यापासून दोन वर्षांचीच मुदत असते. आपल्या महिला दिनाच्या कार्यक्रमात मेकअपचं वर्कशॉप होतं, होऊ दे, त्यात वीस मिनिटं या फॉर्मला द्या.

स्टेटचं वेगळं असतं हे विसरू नका. आपल्याकडे फ्रँचाइज टॅक्स बोर्ड, म्हणजे कॅलिफोर्नियाचं टॅक्स खातं, स्वतंत्रपणे पगारातून पावपर्यंत कापायला लावू शकतं आणि त्यांच्याशी हप्ते वेगळे ठरवावे लागतात. आयआरएसशी मिटवलं म्हणजे सगळं मिटलं असं समजून लोक बसतात.

तर समितीला नेमकं काय मागतेय. जाहिरात नको, एवढं एक. खजिनदार दादा म्हणतील की त्या पानाच्या पैशातून हॉलचं डिपॉझिट निघतं, मान्य आहे, मी स्वतः पाच-सहा जणांकडून छोट्या जाहिराती आणून ते पान भरून देते, माझ्या ऑफिसची त्यात एकही नसेल. दुसरं, जानेवारीत एका शनिवारी लायब्ररीची खोली, दोन तास, रेकॉर्डिंग नाही, फोटो नाहीत, फेसबुकवर टाकायचं नाही, नावं नोंदवायची नाहीत. मी एकटीने बोलायचा आग्रह नाही, उलट जवळच्या लो इन्कम टॅक्सपेयर क्लिनिकमधलं कुणी आणूया, उत्पन्न मर्यादेत असेल तर ते फुकट किंवा नावापुरत्या फीत केस लढवतात, आणि लेऑफच्या वर्षात आपल्यातलेही बरेच त्या मर्यादेत बसतात, फक्त त्यांना स्वतःला ते पटत नाही. टॅक्सपेयर अॅडव्होकेटचा फॉर्म ९११ काय असतो तेही सांगू, पगार अडकून घरभाडं थकायची वेळ आली की आयआरएसच्या आतलंच हे ऑफिस मधे पडतं, तेही फुकट. तिसरं, मेंबरशिपच्या ईमेलमध्ये पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८८२२ पाठवा अशी एक ओळ टाका, त्याला ना परमिट लागतं ना मीटिंग. चहा-वड्यांचं मी बघते.

ता. क. : ज्यांच्या घरात आत्ता एलटी ११ किंवा लेटर १०५८ पडलेलं आहे त्यांनी जानेवारीची वाट बघू नका. पत्रावरची तारीख बघा, पुढचे ३० दिवस मोजा, त्याच्या आत फॉर्म १२१५३ पत्रावर दिलेल्या पत्त्यावर सर्टिफाइड मेलने पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात हप्त्यांची खूण केलीत तरी सुरुवातीला पुरतं.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद